उत्तरभागाची संहिता : ‘स्ट्रीट फायटर २’ आणि त्याचे पाठभेद

उत्तरभागाविषयी साहित्याच्या अभ्यासकाच्या मनात एक जुना संशय वसत असतो. गाजलेल्या कृतीचा दुसरा भाग निघतो तेव्हा त्यामागे लेखकाच्या निकडीपेक्षा प्रकाशकाची निकड अधिक असते, अशी आपली धारणा आहे आणि ती पुष्कळदा खरीही ठरते. पण ज्या कृतीचा पूर्वभाग जवळजवळ विस्मृतीत गेला आणि उत्तरभागानेच एका संपूर्ण प्रकाराचे व्याकरण घडवले, अशा कृतीचे काय करायचे? ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीने १९९१ साली काढलेला ‘स्ट्रीट फायटर २ : द वर्ल्ड वॉरियर’ हा नाणे टाकून खेळायचा द्वंद्वयुद्धाचा खेळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. साहित्याच्या पानांवर व्हिडिओ गेमची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पात्र म्हणजे काय, पाठ प्रमाण केव्हा ठरतो, भाषांतरातल्या चुकीला कोणता दर्जा द्यावा, हे आपल्या वर्गात रोज उठणारे प्रश्न या खेळाच्या इतिहासात फार उघडपणे दिसतात, एवढे उत्तर तूर्त पुरेसे आहे.

पूर्वभाग १९८७ चा. ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो ही त्यामागची दोन प्रमुख नावे. त्यात नायक एकच होता : र्‍यू नावाचा जपानी युवक. तो पाच देशांत फिरून दहा प्रतिस्पर्ध्यांशी लढे. दुसरा खेळाडू येऊन बसलाच तर त्याच्या वाट्याला केन येई, आणि केन म्हणजे केसांचा व कपड्यांचा रंग बदललेला र्‍यूच. बाकीची पात्रे खेळाडूच्या हाती येत नसत. त्या वाटेतल्या धोंडी होत्या. त्याच्या एका यंत्रावर तर जोराने दाबल्यास जोराचा ठोसा बसेल अशा रबरी गाद्या बसवल्या होत्या. खास चाली होत्या, पण त्या इतक्या अवघड की निघाल्या तर नशीब म्हणायचे. पुढे हे दोघेही कॅपकॉम सोडून एसएनके या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. १९८९ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ’८९’ या नावाने एक खेळ दाखवण्यात आला, पण त्यात एकास एक द्वंद्व नव्हतेच. तो ‘फायनल फाइट’ या नव्या नावाने बाहेर पडला. म्हणजे खरा उत्तरभाग आला तो मूळ कर्त्यांवाचून. योशिकी ओकामोतो यांच्या देखरेखीखाली, अकिरा निशितानी यांच्या रचनेतून आणि ‘अकिमान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अकिरा यासुदा यांच्या रेखाटनांतून तो घडला. संगीत बहुतांशी योको शिमोमुरा यांचे. एखाद्या योद्ध्याची शक्ती संपत आली की तीच धून द्रुत लयीत वाजू लागते, ही युक्ती आज साधी वाटेल. पण संगीताने कथानकाचा ताण सांगणे यापेक्षा वेगळे काय असते?

उत्तरभागाने पहिला बदल केला तो नायकत्वाच्या कल्पनेत. र्‍यू आणि केन यांच्यासह आठ पात्रे खेळाडूला निवडता येऊ लागली : सुमो मल्ल ई. होंडा, चिनी पोलीस अधिकारी चुन-ली, ब्राझीलच्या जंगलातला ब्लांका, सोव्हिएत मल्ल झँगीफ, अमेरिकन वायुदलातला गाइल आणि भारतीय योगी धालसिम. जो निवडला तो नायक, उरलेले सात त्याचे प्रतिस्पर्धी. त्यांच्यापलीकडे चार महाप्रतिस्पर्धी होते, ते केवळ यंत्राच्या हाती. म्हणजे एकाच संहितेत आठ कथानके नांदत होती, आणि प्रत्येकात नायक-प्रतिनायकांची मांडणी नव्याने होत होती. गाइलच्या कथेत धालसिम हा अडथळा, तर धालसिमच्या कथेत गाइल. महाकाव्याच्या वाचकाला ही कल्पना नवी नाही. प्रतिपक्षाच्या बाजूने कथा सांगण्याची हौस आपल्या कादंबरीकारांनीही भागवून घेतली आहे. येथे मात्र बाजू बदलायला नवे पुस्तक लिहावे लागत नाही, दुसरे नाणे टाकले की पुरते.

आता या खेळाच्या भाषेकडे वळू. समोर आठ दिशांना वळणारी जॉयस्टिक आणि सहा बटणे : हलका, मध्यम व जोराचा असे तीन ठोसे आणि त्याच क्रमाने तीन लाथा. हलका ठोसा चटकन बसतो पण इजा कमी करतो. जोराच्या ठोशाला वेळ लागतो आणि तो हुकला तर मारणारा क्षणभर उघडा पडतो. शत्रूच्या विरुद्ध दिशेला जॉयस्टिक धरली की बचाव होतो. बचाव करून बसणाऱ्याला जवळ जाऊन उचलून फेकता येते. नव्व्याण्णवपासून उलटे मोजणारे घड्याळ, आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकेल तो विजयी. ही झाली वर्णमाला. तिच्यातून वाक्ये कशी बनतात हे पाहण्यासारखे आहे. र्‍यूची हादोकेन ही चाल घ्या. खाली, तिरके, पुढे असा जॉयस्टिकचा पाव वर्तुळ फिरवून ठोसा मारला की तळहातांतून निळा तेजोगोल सुटतो. समोरच्याने तो अंगावर घ्यावा, बचाव करून थोडी इजा सोसावी किंवा वरून उडी मारावी. उडी मारून तो जवळ येतो तोच र्‍यू शोर्यूकेन, म्हणजे वर झेपावणारा ठोसा, लगावतो. पहिली चाल प्रश्न विचारते आणि दुसरी त्याच्या अपेक्षित उत्तराची वाट पाहत उभी असते. जाणता प्रतिस्पर्धी मग उडी मारायचे सोडून बचाव करत इंच-इंच पुढे सरकतो, आणि संवादाला निराळे वळण लागते. हा संवाद दोन माणसांमधला आहे, दोघे खांद्याला खांदा लावून उभे आहेत, आणि हरणाऱ्याने बाजूला व्हायचे आहे. पार्लरमध्ये यंत्राभोवती कोंडाळे का जमे, हे यावरून समजते.

आणि याच व्याकरणातून पात्रचित्रण होते. माझ्या मते या कृतीचे खरे यश येथे आहे. गाइलची प्रमुख चाल काढायची तर जॉयस्टिक मागे धरून थांबावे लागते आणि मग अचानक पुढे ढकलावी लागते. त्यामुळे गाइल खेळणारा माणूस आपोआप सावध, वाट पाहणारा, सैनिकी शिस्तीचा होतो. होंडाचे शंभर तळहात, चुन-लीच्या सपासप लाथा आणि ब्लांकाचा विजेचा झटका यांसाठी एकच बटण वेड्यासारखे बडवावे लागते. तेथे शिस्तीपेक्षा आवेग महत्त्वाचा. झँगीफचा सर्वात भयंकर डाव जॉयस्टिकचे पूर्ण वर्तुळ फिरवल्यावर निघतो, तोही शत्रूच्या अगदी अंगाशी भिडल्यावर. वर्तुळात ‘वर’ ही दिशा येतेच, आणि वर म्हणजे उडी. तेव्हा नवशिक्याचा झँगीफ हवेत उड्या मारत राहतो. मुरलेला खेळाडू मात्र मार खात खात जवळ पोहोचतो आणि एका डावात सगळा हिशेब चुकता करतो. या पात्रांना संवाद जवळजवळ नाहीत. लढत जिंकल्यावर एखादे वाक्य, एवढेच. तरीही झँगीफ चिवट आहे, गाइल थंड डोक्याचा आहे, हे खेळणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. त्याचे मनगटच ते सांगते. स्वभाव कृतीतून दिसावा, निवेदकाच्या विशेषणांतून नव्हे, असे आपण कथालेखनाविषयी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत.

चुन-लीविषयी थोडे. एकास एक द्वंद्वाच्या खेळातली पहिली निवडता येणारी स्त्री असे तिचे वर्णन केले जाते. प्रतिस्पर्धी म्हणून स्त्रिया त्याआधीही आल्या होत्या, कोनामीच्या ‘यी आर कुंग-फू’ या खेळात त्या आहेत. पण नायिका म्हणून जगभर पोहोचली ती चुन-ली. स्त्रिया तितक्या बलवान नसतात म्हणून तिची शक्तिपट्टी इतरांपेक्षा आखूड ठेवावी असे ओकामोतोंना वाटत होते आणि निशितानींना ते मान्य नव्हते, अशी आठवण ओकामोतोंनीच पुढे मुलाखतीत सांगितली आहे. पट्टी समान राहिली. वडिलांच्या हत्येचा सूड ही तिची प्रेरणा. गाइललाही मित्राच्या मृत्यूचा सूड त्याच माणसावर उगवायचा आहे. दोन कथानके एकाच खलनायकाशी येऊन मिळतात, हा योग बरा साधला आहे.

सूडापेक्षा ब्लांकाचा शेवट मला अधिक आवडतो. हिरव्या कातडीचा, चावे घेणारा हा वनचर बालपणी विमान अपघातानंतर जंगलात वाढलेला आहे. शेवटी एक स्त्री गर्दीतून पुढे येते आणि त्याच्या पायांतल्या कड्यांवरून आपल्या हरवलेल्या मुलाला, जिमीला, ओळखते. शाकुंतलातल्या अंगठीपासून परिचित असलेले हे अभिज्ञान, दोन-तीन चित्रांत उरकलेले. कॅपकॉमच्या चित्रकारांनी कालिदास वाचला असेल असे मला मुळीच म्हणायचे नाही. लोककथेची ही खूण इतकी टिकाऊ आहे की ती नाण्याच्या यंत्रातही उगवते.

या खेळाच्या नकाशात इतिहासाचा एक क्षण नकळत गोठून राहिला आहे. लढतींच्या दरम्यान जगाचा नकाशा येतो आणि विमान देशादेशांवरून जाते. झँगीफच्या देशाचे नाव आहे सोव्हिएत संघ. खेळ जिंकल्यावर झँगीफचे अभिनंदन करायला हेलिकॉप्टरमधून एक नेता उतरतो. गोर्बाचेव्ह यांच्याशी त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानात यावे असे आहे. दोघे मिळून रशियन लोकनृत्य करतात. खेळ बाजारात आला १९९१ च्या आरंभी, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. १९९२ साली जगभर मुले हा खेळ खेळत होती तेव्हा तो नेता सत्तेवर नव्हता आणि तो देशही उरला नव्हता. पडद्यावर मात्र नृत्य चालूच होते.

देशांचे हे चित्रण अर्थातच साचेबंद आहे. होंडा स्नानगृहात लढतो, गाइलच्या पाठीशी लढाऊ विमान उभे असते. पण भारतीय वाचकाला थांबून पाहावे लागते ते धालसिमपाशी. कृश देह, मुंडण केलेले डोके, गळ्यात कवट्यांची माळ. हातपाय रबरासारखे लांबतात आणि तोंडातून आग निघते. आजूबाजूला हत्ती सोंडा उंचावून उभे. परकीयांच्या कल्पनेतला ‘गूढ भारत’ एका आकृतीत कोंबायचा तर याहून वेगळे काय निघाले असते! हात लांबवणारा भारतीय योगी १९७६ च्या ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’ या कुंग-फू चित्रपटात येऊन गेला होता, हे साम्य अनेकांनी दाखवले आहे. म्हणजे ही प्रतिमा भारताकडे पाहून काढलेली नसून आधीच्या प्रतिमेकडे पाहून काढलेली दिसते. कवट्यांची माळ पाहून आपल्याला कापालिक आठवतात. खेळाच्या पूर्वकथेत मात्र त्या कवट्या रोगराईत मेलेल्या गावातल्या मुलांच्या आहेत, आणि धालसिम लढतो तो गावासाठी पैसा उभा करायला. हिंसा त्याला मनापासून नको आहे. पत्नीचे नाव सॅली आणि मुलाचे नाव दत्ता! हे नाव ओसाकात कोणाला कोठून सुचले असेल याचे कुतूहल वाटते. सॅली आणि दत्ता यांच्या घरात मराठी वाचकाला क्षणभर ओळखीचे आणि लगेच अनोळखी वाटते.

एवढ्यावर थांबून ‘प्राच्यवादी चित्रण’ असा शिक्का मारणे सोपे आहे, आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत तो बहुधा मारला जाईल. तो चूक नाही, पण अपुरा आहे. कारण वर म्हटल्याप्रमाणे या संहितेत पात्र घडते ते चालींतून. धालसिम चालतो संथ, उडी मारतो ती तरंगत. त्याचा हात अर्ध्या पडद्यापलीकडून पोहोचतो, पण लांबलेल्या हातावरच घाव घालता येतो, म्हणून प्रत्येक ठोसा म्हणजे पणाला लावलेले अंग. शत्रूला जवळ येऊच न देणे हे त्याचे सारे शास्त्र. अंतराचा अंदाज आणि धीर यांवाचून तो खेळता येत नाही, आणि म्हणूनच नवखे त्याच्या वाटेला जात नसत. आकृती साचेबंद, पण तिच्या आतली चालींची रचना आठांमध्ये सर्वात मौलिक, असा हा विरोध आहे. १९९४ साली निघालेल्या चित्रपटात धालसिमची भूमिका रोशन सेठ यांनी केली. ‘भारत एक खोज’ मध्ये ज्यांना आपण नेहरूंच्या भूमिकेत पाहिले तेच हे सेठ. तेथे धालसिम चक्क शास्त्रज्ञ झाला आहे. हात लांबवायचे राहून गेले. चित्रपट सुमार आहे, राउल जुलिया यांचा खलनायक तेवढा पाहावा.

आता भाषांतराकडे. जपानी आवृत्तीत महाप्रतिस्पर्ध्यांपैकी मुष्टियोद्ध्याचे नाव होते एम. बायसन, आणि एम म्हणजे माइक. माइक टायसनशी असलेले साम्य, रूपातले आणि नावातलेही, इतके उघड होते की परदेशी आवृत्तीसाठी तीन नावे फिरवण्यात आली. मुष्टियोद्धा झाला बालरॉग, बालरॉग हे ज्याचे नाव होते तो स्पॅनिश नखधारी झाला वेगा, आणि वेगा नावाचा हुकूमशहा झाला एम. बायसन. नाव आणि नामधारी यांचा संबंध यादृच्छिक असतो हा भाषाविज्ञानाचा पहिला धडा याहून सोप्या रीतीने शिकवता येणार नाही. गंमत अशी की हुकूमशहाच्या नावामागे ते ‘एम’ तसेच चिकटून राहिले. माइक गेला, आद्याक्षर उरले, आणि त्याचा अर्थ काय असावा यावर इंग्रजी खेळाडू पुढे तर्क लढवत बसले.

दुसरी घटना याहून विलक्षण. जिंकल्यावर र्‍यू जे जपानी वाक्य उच्चारतो त्याचा आशय असा, की शोर्यूकेनवर मात केल्यावाचून तुला जय नाही. ‘शोर्यू’ म्हणजे वर चढणारा ड्रॅगन, ‘केन’ म्हणजे मूठ. भाषांतरात ही चिन्हे चिनी धर्तीवर वाचली गेली आणि ‘शेंग लाँग’ असा शब्द तयार झाला. इंग्रजीत तो विशेषनामासारखा दिसतो. साहजिकच खेळाडूंनी विचारले : हा शेंग लाँग कोण? घरगुती आवृत्तीच्या इंग्रजी पुस्तिकेत तो र्‍यू आणि केन यांचा गुरू असल्याचे छापून आले. १९९२ च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकन मासिकाने एप्रिल फूल म्हणून त्याला गाठण्याची ‘गुप्त रीत’ प्रसिद्ध केली, आणि ती इतकी अशक्यप्राय होती की खोटी ठरवणेही कठीण! मुलांनी त्या रीतीपायी किती नाणी घालवली असतील कोण जाणे. पुढे १९९४ च्या आवृत्तीत अकुमा नावाचा गुप्त योद्धा आला. तो अंतिम लढतीआधी अचानक प्रकटतो आणि हुकूमशहाला निकालात काढतो, अगदी त्या थट्टेतल्या शेंग लाँगसारखा. र्‍यू-केन यांच्या गुरूला गोकेन हे रीतसर नाव मिळाले आणि २००९ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ४’ च्या घरगुती आवृत्तीत तो प्रत्यक्ष खेळायलाही मिळाला. चुकीच्या वाचनातून निर्माण झालेल्या पात्राची जागा अखेर भरावीच लागली. आपल्या पोथ्यांच्या परंपरेत लेखनिकाच्या प्रमादातून नवा अर्थ, आणि त्या अर्थातून नवी आख्यायिका जन्मल्याची उदाहरणे शोधू जाता सापडतात. येथे ती सारी प्रक्रिया दोन दशकांच्या आत घडलेली पाहायला मिळते.

चुकीला शास्त्राचा दर्जा मिळाल्याचे आणखी एक उदाहरण खेळाच्या गाभ्यातच आहे. मधल्या एका फेरीत ठरावीक वेळात मोटारगाडी फोडायची असते. चाचणीच्या काळात नोरिताका फुनामिझु यांच्या ध्यानात आले, की येथे नेमकी वेळ साधली तर एका ठोशाला जोडून दुसरा बसतो आणि मध्ये उसंतच राहत नाही. हे कोणी योजलेले नव्हते. साधायला इतके अवघड की कोणाच्या लक्षात येणार नाही, अशा समजुतीने ते तसेच ठेवले गेले. खेळाडूंनी अर्थातच ते शोधून काढले. हाच तो ‘कॉम्बो’, आणि त्यानंतरच्या बहुतेक सर्व द्वंद्वखेळांचा तो पाया ठरला.

मग आवृत्त्यांचा ओघ सुरू झाला. १९९२ च्या ‘चॅम्पियन एडिशन’ मध्ये चारही महाप्रतिस्पर्धी खेळाडूच्या हाती आले आणि दोघांना एकच पात्र निवडता येऊ लागले. र्‍यूसमोर र्‍यू, फक्त रंग वेगळा. र्‍यू आणि केन यांच्या चालींतही येथून फरक पडू लागला. त्याच वर्षी सुपर निन्टेन्डोसाठी घरगुती आवृत्ती आली, तिच्या ६३ लाख प्रती खपल्या. दरम्यान चोरट्या आवृत्त्यांचा सुळसुळाट झाला. त्यांतली ‘रेनबो’ नावाने ओळखली जाणारी सर्वात प्रसिद्ध : र्‍यू हवेतून तेजोगोल फेकतो, लढत चालू असताना पात्र बदलता येते, सारे काही भरधाव. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा शुद्ध प्रक्षेप. पण लोकांना तो आवडला, आणि वर्षअखेरीस अधिकृत ‘हायपर फायटिंग’ निघाले ते वेग वाढवून. धालसिमला त्यातच अंतर्धान पावण्याची चाल मिळाली. प्रक्षेपाने मूळ संहितेला आपल्यामागे ओढून नेल्याचा हा प्रकार. १९९३ मध्ये ‘सुपर स्ट्रीट फायटर २’ ने कॅमी, फेइ लाँग, टी. हॉक आणि डी जे हे चार नवे योद्धे आणले. १९९४ च्या ‘टर्बो’ आवृत्तीत अकुमा आला आणि शक्ती साठवून एकदम सोडायचा ‘सुपर कॉम्बो’ही. २०१७ मध्ये निन्टेन्डो स्विचसाठी आणखी एक आवृत्ती निघाली. यांतली प्रमाण कोणती? स्पर्धात्मक खेळाडूंचा कौल दीर्घकाळ १९९४ च्या बाजूने राहिला. १९९१ ची पहिली प्रत, तिच्यातल्या सगळ्या उणिवांसह, अभ्यासकाला अधिक मोलाची वाटावी.

पण मूळ यंत्रांविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. चोरट्या प्रतींना वैतागून कॅपकॉमने १९९३ च्या आवृत्तीपासून नवे यंत्र वापरले. त्यातली आज्ञावली गूढलिपीत बंद असे, आणि ती उलगडण्याची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या बळावर स्मृतीत जपलेली असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि यंत्र कायमचे मुके होई. संग्राहक तिला ‘आत्मघाती बॅटरी’ म्हणतात. म्हणजे अस्सल प्रत वयोमानाने आपोआप नष्ट होणार आणि नक्कल मात्र टिकून राहणार, अशी ही व्यवस्था होती. २००७ साली हौशी संगणक-अभ्यासकांच्या एका लहान गटाने ती गूढलिपी पूर्णपणे उकलली. मृत झालेली यंत्रेही पुन्हा चालू करता येऊ लागली.